आठ्यांची सुई आणि पोटातले बाळ

सौंदर्यासाठी घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांविषयी गेल्या काही महिन्यांत आलेली पत्रे मी एकत्र ठेवून वाचली. चौकशी चेहऱ्याची असली, तरी बहुतेक पत्रांतली काळजी बाळाची आहे आणि ती बोलून दाखवायला पत्रलेखिकेला घरात कोणी नाही. म्हणून या वेळचे सदर त्याच पत्रांना दिले आहे. नावे पत्रलेखिकांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय ३४ असून मी नोकरी करते. धाकट्या दिराच्या लग्नाआधी मी कपाळावर आणि दोन भुवयांच्या मध्ये बोटॉक्सची इंजेक्शने घेतली. त्यानंतर १८ दिवसांनी, पाळी चुकली म्हणून तपासणी केली, तेव्हा दिवस गेल्याचे कळले. हिशेब पाहता इंजेक्शन घेतले त्या दिवशी गर्भधारणा होऊन जेमतेम एक आठवडा झाला असावा. ‘ते तर चक्क विष असते’ असे आत्तेबहिणीने सांगितल्यापासून मला झोप नाही. गर्भ ठेवावा की नाही, असाही विचार मनात येतो. यजमानांनाही अजून सांगितलेले नाही. – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे पुढचे सारे तुम्हाला निवांतपणे वाचता येईल. केवळ या इंजेक्शनामुळे गर्भपात करून घेण्याचे काहीही वैद्यकीय कारण नाही.

आत्तेबहिणीचे म्हणणे शब्दशः खरे आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू जे विष तयार करतो, त्याचेच शुद्ध केलेले आणि अत्यंत विरळ केलेले रूप म्हणजे बोटॉक्स. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नातून हेच विष पोटात गेले, तर बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होतो. मात्र कोणत्याही विषाविषयी बोलताना ते किती दिले आणि शरीरात कुठे जाऊन बसले, हे विचारावेच लागते. भुवयांमधल्या आठ्यांसाठी साधारण २० युनिट आणि कपाळासाठी जवळपास तितकीच मात्रा वापरतात. हे औषध जिथे टोचले तिथल्याच मज्जातंतूंच्या टोकांत शिरते आणि स्नायूला आकुंचनाचा निरोप पोहोचवणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन बाहेर पडू देत नाही; म्हणून मनात आणले तरी कपाळाला आठ्या पडत नाहीत, आणि तीन-चार महिन्यांनी ती टोके पूर्ववत झाली की पुन्हा पडू लागतात. योग्य मात्रेत दिलेले औषध रक्तात मोजता येईल इतके उतरत नाही.

समजा थोडे उतरले, तरी पुढे वार, म्हणजे प्लासेंटा, आहे. या विषाच्या रेणूचे वजन सुमारे १,५०,००० डाल्टन असते, तर वारेतून सहज पार होणाऱ्या औषधांचे रेणू बहुधा ५०० डाल्टनच्या आतले असतात. एखादी चौकस वाचक इथे मला अडवील, कारण आईच्या रक्तातील आयजीजी प्रतिपिंडेही साधारण याच वजनाची असतात आणि ती तर बाळापर्यंत पोहोचतात. शंका अगदी रास्त आहे. त्या प्रतिपिंडांना पलीकडे वाहून नेणारी खास यंत्रणा वारेत असते. या विषासाठी तशी यंत्रणा आढळलेली नाही. याहून बोलका पुरावा प्रत्यक्ष आजाराचा आहे. गरोदरपणात बोट्युलिझम झालेल्या काही स्त्रियांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यांतल्या काहींचे हातपाय लुळे पडले, श्वासासाठी यंत्र लावावे लागले, आणि तशाही अवस्थेत पोटातले बाळ हालचाल करत होते व पुढे कोणत्याही लुळेपणाविना जन्माला आले. सौंदर्यासाठी वापरली जाणारी मात्रा त्या विषबाधेच्या जवळपासही जात नाही.

आता माणसांतली आकडेवारी. बोटॉक्स बनवणाऱ्या कंपनीने १९९० ते २०१३ या काळात आपल्याकडे आलेल्या नोंदी तपासून, निष्पत्ती माहीत असलेल्या २३२ गर्भारपणांचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेकींनी हे औषध तुमच्यासारखेच गर्भधारणेच्या थोडे आधी किंवा पहिल्या तिमाहीत घेतले होते. ज्या गर्भारपणांची नोंद निष्पत्ती कळण्याच्या आधीच झाली होती, त्यांत गर्भदोषाचे प्रमाण २.७ टक्के आले. कोणतेही औषध न घेतलेल्या स्त्रियांतही ते ३ टक्क्यांच्या आसपास असते. अहवाल कंपनीचा आहे, नोंदी आपखुशीने कळवलेल्या आहेत आणि संख्या लहान आहे. त्यामुळे त्यावर डोळे मिटून विसंबावे असे मी म्हणणार नाही. पण इंग्लंडमधील हल येथील अर्धशिशीच्या दवाखान्याने २०२० मध्ये दिलेला अनुभवही त्याच दिशेचा आहे. तिथे जुनाट अर्धशिशीसाठी बोटॉक्स घेणाऱ्या ४५ स्त्रियांना दिवस गेले आणि त्यांपैकी ३२ जणींनी गरोदरपणातही उपचार चालू ठेवले. आपोआप झालेल्या एका गर्भपाताचा अपवाद वगळता साऱ्यांची बाळे पूर्ण दिवसांची, योग्य वजनाची आणि निर्व्यंग जन्मली. अर्धशिशीसाठी एका वेळी १५५ युनिट किंवा त्याहून अधिक औषध देतात, हे ध्यानात घेतले म्हणजे तुमच्या कपाळावरची मात्रा किती थोडी होती ते कळेल. शिवाय गर्भधारणेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत एखाद्या औषधाने इजा केलीच, तर बहुधा गर्भ टिकतच नाही. टिकला, तर तो सहसा अबाधित असतो. अवयव घडू लागतात ते त्यानंतर.

मग औषधाच्या माहितीपत्रकात ‘गरोदरपणात शिफारस नाही’ असे का छापलेले असते? त्याची दोन कारणे आहेत. गाभण उंदीर, घुशी आणि सशांना वजनाच्या मानाने मोठ्या मात्रा दिल्यावर पिल्लांचे वजन घटले, हाडे उशिरा भरली, सशांत गर्भपात झाले. आणि अशा औषधांच्या चाचण्यांतून गरोदर स्त्रियांना मुळातच वगळलेले असते, त्यामुळे सुरक्षितता सिद्ध करण्याची वेळच कधी आली नाही. ‘सुरक्षितता सिद्ध झालेली नाही’ या वाक्याचा अर्थ ‘अपाय सिद्ध झाला आहे’ असा होत नाही. मात्र ‘चालते’ असाही होत नाही. जे होऊन गेले त्याची भीती बाळगू नका आणि जे अजून व्हायचे आहे ते होऊ देऊ नका. दवाखान्याने ‘टच-अप’साठी पुन्हा बोलावले असेल, तर जाऊ नका. अर्धशिशीने बेजार झालेल्या स्त्रीच्या बाबतीत धोक्यासमोर ठेवायला काही लाभ तरी असतो. आठ्यांच्या बाबतीत तोलायला दुसऱ्या पारड्यात काहीच नाही.

औषधाचे नाव, तारीख, युनिट आणि कुपीवरचा बॅच क्रमांक त्या दवाखान्याकडून लिहून घ्या आणि पहिल्याच भेटीत प्रसूतितज्ज्ञांना दाखवा. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. ११ ते १३ आठवड्यांची आणि १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी इतर गर्भवतींसारखीच करायची. सांगायचे एवढ्यासाठी की गरोदरपणात रक्तदाब फार वाढला, तर झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात आणि तेही मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप मंदावते. जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकांचेही तसेच. तुमच्या बाबतीत बाळंतपणापर्यंत बोटॉक्सचा परिणाम कधीच ओसरलेला असेल, पण डॉक्टरांपासून अशा गोष्टी लपवण्याची सवय लागू नये. आणि यजमानांना आजच सांगा. या काळात झोप उडणे हे त्या ४० युनिटांपेक्षा तुम्हाला अधिक जड जाईल.

प्रश्न : माझे बाळ चार महिन्यांचे आहे. १२ दिवसांपूर्वी मी डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी बोटॉक्स घेतले. सासूबाईंना कळल्यावर त्यांनी ‘दूध नासले, आता पाजायचे नाही’ असे सांगून चार दिवसांपासून बाळाला गाईचे दूध सुरू केले आहे. बाळगुटी मात्र नेमाने मधातून उगाळून चालू आहे. दूध पुन्हा केव्हा पाजता येईल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आजपासून, हे पत्र खाली ठेवल्यावर लगेच. चार दिवसांच्या खंडाने दूध कमी झाले असले, तरी बाळाला वरचेवर छातीशी घेतले की ते पुन्हा उतरते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला गाईचे दूध मुख्य अन्न म्हणून देऊ नये. तुमचे दूध भरून येईपर्यंत वरचे काही लागलेच, तर ते बालरोगतज्ज्ञांना विचारून द्या.

दुधात बोटॉक्स येते का, याचा अभ्यास थोडाच झाला आहे. १९७० च्या दशकात अलास्कातील एका मातेला अन्नातून बोट्युलिझम झाला असतानाही तिचे बाळ अंगावर पीत राहिले; दुधात विष सापडले नाही आणि बाळ सुखरूप राहिले. अलीकडे चेहऱ्यावर इंजेक्शने घेतलेल्या चार स्तनदा मातांच्या दुधाचे १६ नमुने तपासण्यात आले. निम्म्या नमुन्यांत काही आढळले नाही, उरलेल्यांत जे आढळले ते बाळाला घातक ठरणाऱ्या मात्रेच्या कितीतरी खाली होते. चार स्त्रिया म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे. ‘पोटात गेले की प्रथिन पचून जाते’ असेही काही ठिकाणी सांगितले जाते, पण हे विष अन्नातूनच बाधते, तेव्हा तो युक्तिवाद लंगडा आहे. तरीही मोठा रेणू, अल्प मात्रा आणि टोचल्या जागीच राहण्याचा गुण या तिन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत, आणि समोर तान्ह्या बाळाचे दूध तोडण्याचे नुकसान निश्चित आहे. यापुढची खेप मात्र बाळ अंगावरून सुटेपर्यंत घेऊ नये, असे माझे मत आहे. काही सहकारी याहून सैल सल्ला देतात, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

तुमच्या पत्रातील खरोखर काळजीचा शब्द वेगळाच आहे, तो म्हणजे मध. बोटॉक्स ज्या जिवाणूपासून होते, त्याच जिवाणूचे बीजाणू मधात असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून तिथेच विष तयार करू शकतात. या आजाराची, म्हणजे अर्भकांच्या बोट्युलिझमची, ओळख १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात पटली. घरगुती उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत आणि मधाच्या शुद्धतेशीही त्यांचा संबंध नाही. रानातून आणलेल्या अस्सल मधातही ते असू शकतात. जन्मल्यावर मधाचे बोट चाटवण्याची आपली रीत प्रेमाची आहे आणि बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही, परंतु ज्याला होते त्याला अतिदक्षता विभागात न्यावे लागते. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको, आणि सहा महिन्यांपर्यंत तर गुटीही नको. बाळाला नव्याने बद्धकोष्ठ झाले, चोखणे मंदावले, रडण्याचा आवाज क्षीण झाला, पापण्या जड वाटू लागल्या किंवा धरलेली मान पुन्हा लटपटू लागली, तर दिवस न दवडता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. सासूबाईंशी बोलताना त्यांच्या भीतीचा उपहास करू नका. विष ओळखण्यात त्या चुकल्या नाहीत, त्याची वाट मात्र दुसरीकडे आहे.

प्रश्न : मला सातवा महिना चालू आहे. दिवस जाण्याआधी ओठांत फिलर भरून घेतले होते, ते काढावे लागेल का? आणि पुढल्या महिन्यात डोहाळजेवण आहे, तोवर डोळ्यांखालच्या खळग्यांत फिलर भरता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ओठांतले राहू द्या. फिलर म्हणजे त्वचेखाली भरायचे जेल. ते बहुधा हायलुरॉनिक ॲसिडचे असते, आणि हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो. फिलरमध्ये त्याचे रेणू रसायनाने एकमेकांत गुंफलेले असल्यामुळे ते ६ ते १८ महिने टिकून सावकाश विरते. ते बाळापर्यंत जाते असे मानण्यास आधार नाही.

नवे मात्र भरू नका, आणि त्यामागचे कारण फिलरपेक्षा फिलरच्या अपघातांत आहे. डोळ्यांभोवती आणि नाकाजवळ सुई चुकून रक्तवाहिनीत गेली, तर ती बुजून त्वचा मरते. क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी हायलुरॉनिडेज हे विरघळवणारे औषध मोठ्या मात्रेत, जोडीला स्टेरॉइड, प्रतिजैविके, कदाचित एमआरआय असे सारे तासाभरात सुरू करावे लागते, आणि त्यातील प्रत्येक पायरीवर ‘बाळाला चालेल का’ हा प्रश्न आडवा येतो. फिलरमध्ये बधिरतेसाठी मिसळलेल्या लिग्नोकेनची चिंता नाही. दात काढताना गर्भवतीलाही ते देतात. दुसरे असे की सातव्या-आठव्या महिन्यात चेहऱ्यावर सूज असते, त्यामुळे आज मापून भरलेला खळगा बाळंतपणानंतर फुगवट्यासारखा दिसू शकतो. हनुवटीखालची चरबी विरघळवणाऱ्या डीऑक्सिकोलिक ॲसिडबद्दल तर विचारूही नका. गाभण सशांवरील प्रयोगांत पिल्लांच्या फुप्फुसाचा एक खंडच न बनल्याचे दिसले होते. डोळ्यांखालचा काळसरपणा एकदम वाढला असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा.

प्रश्न : मला तिसरा महिना आहे. चेहऱ्यावर वांग आले आहेत. इथल्या एका पार्लरमध्ये ग्लुटाथायोन आणि व्हिटॅमिन सीचे सलाइन देतात. ‘शरीरातलेच द्रव्य आहे, आईबरोबर बाळही उजळ होते’ असे तिथे सांगितले. आठ बैठकांचे पैसे आधीच घेतले आहेत. – एक वाचक, नागपूर

उत्तर : पैसे परत मिळाले तर उत्तम, न मिळाले तर ते गेले असे समजा, पण पुन्हा त्या खुर्चीत बसू नका.

‘शरीरातलेच द्रव्य’ हे म्हणणे फसवे आहे. इन्शुलिनही शरीरातलेच असते, म्हणून कोणी ते पार्लरमध्ये टोचून घेत नाही. ग्लुटाथायोन यकृतात असतेच, परंतु शिरेतून भरमसाट दिल्यावर गर्भाचे काय होते याचा अभ्यास झालेला नाही. त्वचा उजळवण्यासाठी कोणत्याही इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही. फिलिपाइन्समध्ये हा धंदा फोफावल्यावर तिथल्या प्रशासनाने यकृत, मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेवरील दुष्परिणामांचा आणि त्वचा सोलून निघणाऱ्या गंभीर प्रतिक्रियांचा इशारा २०११ मध्येच दिला. व्हिटॅमिन सीची मोठी मात्रा शिरेतून दिल्यास जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) उणीव असलेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि ही उणीव आपल्याकडे दुर्मीळ नाही. शिवाय सुई कोणाची, कुपी कुठली, मिश्रण कोणी केले, हे पार्लरमध्ये विचारायची सोय नसते. एका निष्काळजी सुईतून लागणारा हेपॅटायटिस बी बाळंतपणात बाळाला लागू शकतो. शिरेतून औषध देणे हे नोंदणीकृत डॉक्टरचे काम आहे, आणि समोरची व्यक्ती महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. बाळाच्या वर्णाबद्दल एवढेच सांगते की तो आईबापांच्या जनुकांवर ठरतो; नारळाचे पाणी, केशर आणि आता हे सलाइन, या साऱ्यांची त्यात सारखीच भूमिका आहे.

वांग गरोदरपणातील संप्रेरकांमुळे येतात आणि ऊन त्यांना गडद करते. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन, स्कार्फ, आणि डॉक्टरांनी दिल्यास ॲझेलेइक ॲसिडचे मलम, एवढे पुरे. बाळंतपणानंतर ते बरेच फिके होतात. हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्याच प्रमाणात रक्तात जाते, म्हणून आता नको. चेहऱ्यात टोचायचे ट्रानेक्झॅमिक ॲसिडही नको. ते वारेतून पार होते आणि रक्ताची गुठळी टिकवून धरते, तर गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती आधीच वाढलेली असते. एक खुलासा करते : या उत्तरामुळे सगळ्याच सुयांची धास्ती घेऊ नका. गरोदरपणातली धनुर्वात-घटसर्पाची लस घ्यायचीच आहे.

प्रश्न : आम्ही येत्या वर्षी मुलाचा विचार करतो आहोत. ही इंजेक्शने किती आधी थांबवावीत? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : बोटॉक्ससाठी ठरलेला असा कालावधी नाही. ब्रिटनमधील माहितीपत्रकात, गर्भनिरोधक न वापरणाऱ्या स्त्रियांनाही ते देऊ नये असे म्हटले आहे. परिणाम तीन-चार महिने टिकतो म्हणून मी तीन महिने आधी थांबायला सांगते, पण तो केवळ सावधपणा आहे. फिलर पूर्ण विरेपर्यंत थांबण्याची गरज नाही. तुम्ही न विचारलेल्या दोन औषधांबाबत मात्र नियम कडक आहे. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येते, त्या किमान एक महिना आधी बंद हव्यात; आणि वजन उतरवण्यासाठी हल्ली सर्रास घेतले जाणारे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन किमान दोन महिने आधी.

प्रश्न : बाळ साडेतीन महिन्यांचे आहे, अंगावर पिते. माझे केस पुंजक्याने गळत आहेत. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीची सहा इंजेक्शने सुचवली आहेत. घ्यावीत का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : पीआरपी तुमच्याच रक्तातील प्लेटलेटचे असल्यामुळे दुधाच्या दृष्टीने त्याची भीती फारशी नाही, माझा आक्षेप गरजेवर आहे. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात, ते बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी एकदम गळू लागतात आणि बहुतेकींच्या बाबतीत वर्षभरात आपोआप भरून येतात. आज सहा इंजेक्शने घेतलीत, तर निसर्गाने दिलेल्या केसांचे श्रेय दवाखाना घेईल. त्याऐवजी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या तपासण्या करून घ्या; बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणे हे केस गळण्याचे नेहमी नजरेतून सुटणारे कारण आहे, आणि गळण्याबरोबर धडधड, अतिथकवा किंवा वजनात अचानक फरक जाणवत असेल, तर ही तपासणी याच आठवड्यात करावी.